जुन्या लेन्सवर नवा खर्च : रूपांतर, जुळणी आणि किनाऱ्यावरचे गणित

कॅमेरा लवकर जुना होतो, लेन्स मात्र दीर्घकाळ साथ देते, असे छायाचित्रण व्यवसायात पूर्वापार मानले जाते. चांगल्या काचेची लेन्स वीस-तीस वर्षे सहज काम देऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्यात लग्नसमारंभ, शिमग्यातील पालख्या, मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे झेपावणारी कासवांची पिल्ले किंवा राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे टिपणाऱ्या अनेकांच्या बॅगेत अशी एखादी जुनी लेन्स हमखास असते. नवी लेन्स घ्यायची तर मोठी रक्कम एकदम घालावी लागते, जुनीच चालवायची तर तिच्यावर काही खर्च करावा लागतो. हा खर्च केव्हा सार्थकी लागतो आणि केव्हा पाण्यात जातो, हे समजून घेण्यासाठी लेन्सच्या आत नेमके काय बिघडते, काय बदलता येते आणि काय बदलता येत नाही, याची माहिती असणे आवश्यक आहे.

तीन वेगळी कामे

‘लेन्स कंपनीकडे पाठवली’ या एका वाक्यात प्रत्यक्षात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. पहिले काम रूपांतराचे. यात जुन्या लेन्सचा एखादा भाग बदलून ती नव्या कॅमेऱ्याला चालेल अशी केली जाते. दुसरे काम जुळणीचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे. यात भाग तेच राहतात, पण फोकस आणि भिंगांची स्थिती ठरलेल्या मापात पुन्हा आणली जाते. तिसरे काम साफसफाई व दुरुस्तीचे. बुरशी, धूळ, आटलेले वंगण किंवा झिजलेला भाग काढून लेन्स पूर्ववत केली जाते. या तिन्ही कामांचे खर्च वेगळे, लागणारा वेळ वेगळा आणि मिळणारा लाभही वेगळा असतो. अंदाजपत्रक मागताना यांपैकी कोणते काम हवे आहे, हे ग्राहकाला ठाऊक नसेल तर नको असलेल्या कामाचेही पैसे भरावे लागतात.

कंपन्यांनी देऊ केलेली रूपांतरे

निर्मात्याने स्वतः पैसे घेऊन जुनी लेन्स अद्ययावत करून देण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण निकॉनचे आहे. या कंपनीचा एफ माउंट १९५९ मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या लेन्स कॅमेऱ्यावर चढवल्यानंतर अ‍ॅपर्चरची रिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागे, तेव्हा कुठे लेन्सचे कमाल अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळत असे. १९७७ मध्ये ‘एआय’ पद्धत आली आणि रिंगवरील एका खाचेमुळे ही माहिती आपोआप मिळू लागली. त्याच सुमारास निकॉनने जुन्या लेन्सची रिंग बदलून देण्याची सशुल्क सोय केली. कालांतराने या रिंगांचा साठा संपला आणि ही सेवाही संपली. त्यानंतर काही स्वतंत्र कारागिरांनी मूळ रिंगच कानशीने घासून हे काम करण्यास सुरुवात केली. रूपांतर न झालेली अशी जुनी लेन्स निकॉनच्या बहुतेक मधल्या व वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांवर जबरदस्तीने चढवल्यास कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली नाजूक पट्टी मोडू शकते. त्यामुळे वडिलांच्या किंवा काकांच्या पेटीतून निघालेली निकॉन लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावण्याआधी तिच्या रिंगची खाच तपासणे शहाणपणाचे ठरते.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या लायकाचे. २००६ मध्ये एम ८ हा डिजिटल कॅमेरा आणताना या कंपनीने लेन्सच्या धातूच्या कड्यावर सहा काळ्या-पांढऱ्या खुणांची सांकेतिक भाषा सुरू केली. सहा खुणांतून ६४ जोड्या तयार होतात. कॅमेरा त्या वाचून लेन्स ओळखतो आणि कोपऱ्यांतील काळोखी व रंगाची छटा दुरुस्त करतो. अनेक दशके जुन्या लेन्सचे कडे बदलून तिला या खुणा देण्याची सशुल्क सेवा कंपनीने उपलब्ध केली. येथे काच तीच राहिली, फक्त तिची ओळख नवी झाली.

तिसरे उदाहरण जपानच्या सिग्माचे आणि ते सामान्य छायाचित्रकाराच्या अधिक जवळचे आहे. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या कारखानदारांना कॅमेरा व लेन्स यांच्यातील विद्युत संभाषणाची भाषा स्वतःच उलगडावी लागत असे. त्यामुळे सिग्माच्या काही जुन्या लेन्स कॅननच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढवल्या की अ‍ॅपर्चर लहान करताच कॅमेरा चूक दाखवून थांबे. ज्या लेन्ससाठी नवी चिप उपलब्ध होती, त्यांना ती बसवून देण्यात आली. ज्यांच्यासाठी ती नव्हती, त्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर केवळ पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरच वापरण्याजोग्या उरल्या. पुढे २०१३ मध्ये या कंपनीने आपल्या नव्या मालिकेतील लेन्सचे माउंटच बदलून देण्याची सशुल्क सेवा जाहीर केली. एका कंपनीचा कॅमेरा सोडून दुसऱ्या कंपनीकडे जाणाऱ्या ग्राहकाला त्याच लेन्ससह जाता यावे, हा तिचा उद्देश होता.

याउलट उदाहरण कॅननचे. १९८७ मध्ये ईओएस मालिका आणताना या कंपनीने जुना एफडी माउंट पूर्णपणे सोडून दिला. एफडी लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४२ मिलिमीटर, तर नव्या ईएफ माउंटचे ४४ मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या या फरकामुळे मधे भिंग नसलेला साधा अडॅप्टर वापरल्यास जुन्या लेन्सला दूरचे दृश्य स्पष्ट दिसेनासे झाले. पैसे मोजूनही जे होत नाही असे रूपांतर असते, याची ही आठवण आहे.

कॅलिब्रेशन म्हणजे काय?

डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग आणि चित्र टिपणारा सेन्सर हे दोन वेगळ्या ठिकाणी असतात. प्रकाशाचा काही अंश आरशातून खाली वळवून फोकस मोजला जातो. या दोन मार्गांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला तरी कॅमेरा ‘फोकस झाला’ असे सांगतो, पण चित्रात डोळ्यांऐवजी नाकाचा शेंडा किंवा कान स्पष्ट येतो. पहिल्या प्रकाराला फ्रंट फोकस, तर दुसऱ्याला बॅक फोकस म्हणतात.

हा दोष किती महागात पडतो, हे एका आकड्यावरून कळते. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरील व्यक्तीचे छायाचित्र घेतल्यास स्पष्टतेची खोली पुढे-मागे मिळून सुमारे सहा सेंटिमीटर असते. एवढ्या पट्ट्यात तीन सेंटिमीटरची चूक झाली की नवरीचा चेहरा धूसर आणि नथीऐवजी मागचे दागिने ठळक दिसतात. मांडवातील विधी पुन्हा होत नाहीत. त्यामुळे व्यावसायिकाच्या दृष्टीने ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. वेळासला पहाटे किंवा सायंकाळी, फ्लॅश न वापरता कासवांची पिल्ले टिपतानाही लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते, आणि तेथेही हीच अडचण उभी राहते.

२००७ पासून वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ही चूक वापरणाऱ्यालाच सुधारता यावी अशी सोय आली. कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये, तसेच निकॉनच्या डी ३ व डी ३०० मध्ये उणे २० ते अधिक २० अशा पायऱ्यांत फोकस पुढे-मागे करता येऊ लागला. कॅननने २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये झूम लेन्सच्या दोन्ही टोकांसाठी स्वतंत्र मूल्ये देण्याची सोय केली, तर निकॉनच्या २०१६ मधील डी ५ व डी ५०० या कॅमेऱ्यांत हे मूल्य कॅमेराच शोधून देऊ लागला. सिग्माने २०१३ मध्ये संगणकाला जोडण्याची गोदी विक्रीस आणली. तिच्या साहाय्याने झूम लेन्सची चार नाभीय अंतरे आणि प्रत्येकी चार फोकस अंतरे, अशा सोळा ठिकाणी जुळणी करता येते. टॅमरॉननेही २०१६ मध्ये अशीच सोय दिली. मात्र ही साधने त्या-त्या कंपनीच्या त्या काळानंतरच्या ठरावीक लेन्सलाच चालतात. त्याआधीच्या लेन्सना त्यांचा उपयोग नाही.

आधी घरी तपासावे

कंपनीकडे पाठवण्याआधी साधी चाचणी घरीच करता येते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा. नाभीय अंतराच्या साधारण पन्नास पट अंतरावर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी सुमारे अडीच मीटरवर, ठळक छपाईचा कागद उभा ठेवावा आणि त्याच्या शेजारी मोजपट्टी तिरकी टेकवावी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून दहा छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून मगच पुन्हा करावा. प्रकाश भरपूर असावा, कारण पिवळ्या दिव्याखाली फोकसची मोजणी किंचित बदलू शकते.

निकाल वाचताना एकच भेद लक्षात ठेवावा लागतो. दहाही छायाचित्रांत चूक एकाच दिशेला आणि जवळजवळ सारखी असेल, तर तो जुळणीचा प्रश्न आहे आणि तो कॅमेऱ्यातील सोयीने किंवा कंपनीच्या कॅलिब्रेशनने सुटण्याची शक्यता मोठी असते. चूक कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असेल, तर दोष यांत्रिक आहे. मोटर, दातेरी चक्र किंवा सैल झालेले भिंग हे त्याचे कारण असू शकते. अशा लेन्सच्या नुसत्या जुळणीसाठी पैसे भरणे निरर्थक ठरते.

भिंग मध्यापासून सरकले आहे का, हे पाहण्यासाठी कोकणात एक उत्तम साधन दारातच उभे असते. ते म्हणजे जांभ्या चिऱ्यांची न गिलावलेली भिंत. तिचा खरखरीत पोत आणि सरळ थर यांमुळे चारही कोपऱ्यांतील स्पष्टतेची तुलना सहज करता येते. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून घेतलेल्या छायाचित्रात एक कोपरा इतर तिघांपेक्षा सतत धूसर येत असेल, तर भिंगाचे केंद्र ढळले आहे असे समजावे. हा दोष कॅमेऱ्यातील कोणत्याही सोयीने दूर होत नाही, त्यासाठी लेन्स खोलावीच लागते. दूरचा फोकस तपासायचा असल्यास भगवती बंदरच्या दीपगृहाचा दिवा किंवा क्षितिजावरील जहाज पुरेसे असते.

मिररलेसने बदललेले गणित

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो आणि फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो. परिणामी फ्रंट फोकस व बॅक फोकसचा जुना प्रश्न बहुतांशी संपतो. शिवाय या कॅमेऱ्यांत बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर फारच कमी असते. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८, कॅननच्या आरएफमध्ये २०, तर निकॉनच्या झेडमध्ये १६ मिलिमीटर आहे. त्यामुळे साध्या अडॅप्टरने जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स त्यांवर चढते. १९८७ मध्ये नव्या कॅमेऱ्यांना पारखी झालेली कॅननची एफडी लेन्सही येथे हाताने फोकस करून उत्तम काम देते.

पण येथेही अटी आहेत. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्याच अडॅप्टरमधून ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटर लागते, त्यांचा ऑटोफोकस मात्र कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही. तेव्हा डीएसएलआरसाठी लेन्सच्या जुळणीवर खर्च करण्यापूर्वी नजीकच्या काळात मिररलेस घ्यायचा आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारणे इष्ट. उत्तर होकारार्थी असेल तर जुळणीचे पैसे अडॅप्टरकडे वळवणे अधिक फायद्याचे ठरते. ढळलेले भिंग आणि बुरशी हे दोष मात्र कोणत्याही कॅमेऱ्यावर तसेच राहतात.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यातील हवेची आर्द्रता दीर्घकाळ चढी असते. साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, अंधाऱ्या बंद पेटीत लेन्स महिनोन् महिने पडून राहिली की भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते. सुरुवातीला ती पुसून निघते. पुढे तिच्यातून स्रवणारे आम्ल भिंगावरील लेप आणि अखेर काच खाते. लेप गेल्यावर साफसफाईने बुरशी जाते, पण तिचा ठसा कायम राहतो. प्रकाशासमोर धरल्यास अशी लेन्स धूसर दिसते आणि उजेडाच्या दिशेने काढलेल्या छायाचित्रांतील गडद-फिकेपणाचा उठाव हरवतो.

खारी हवा धातूच्या कड्यांवर आणि विद्युत टोकांवर परिणाम करते, तर उन्हाळ्यातील उष्म्याने जुने वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरते. तेल लागलेली पाती हळू मिटतात आणि छायाचित्रे अनियमितपणे जास्त उजळ येतात. अनेकदा हा दोष कॅमेऱ्याचा समजून भलत्याच दुरुस्तीवर खर्च केला जातो. साठ-सत्तरच्या दशकांतील काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली असे. ती कालांतराने पिवळी पडते. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशात ठेवल्यास बराच कमी होतो, त्यासाठी भिंग बदलण्याची गरज नसते.

म्हणून किनारपट्टीवर लेन्सची काळजी आगोटीच्या कामांतच धरायला हवी. हवाबंद डबा, आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ आणि रंग बदलणारी सिलिका जेल एवढ्यावर आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राखता येते. रंग बदललेली जेल गरम करून पुन्हा वापरता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे लेन्स वापरात ठेवणे. चामड्याच्या जुन्या पेटीत जपून ठेवलेल्या लेन्सलाच बहुधा आधी बुरशी लागते.

मोजमापासाठी वेगळी जुळणी

कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी आदी ठिकाणे आहेत. अशा शिल्पांच्या नोंदणीसाठी छायाचित्रांवरून मोजमाप करायचे असेल, तर कॅलिब्रेशनचा अर्थ बदलतो. येथे फोकसपेक्षा लेन्समुळे सरळ रेषा किती वाकतात, हे मोजायचे असते. कशेळीच्या हत्तीसारखी विशाल आकृती एका चौकटीत बसवण्यासाठी रुंद कोनाची लेन्स वापरली की कडेच्या रेषा फुगतात. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांची छायाचित्रे निरनिराळ्या कोनांतून घेऊन संगणकावर हा वाक काढता येतो आणि त्यासाठी विनामूल्य सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे. या कामासाठी कंपनीला पैसे देण्याची गरज सहसा नसते. मात्र मोजणी झाल्यावर झूम किंवा फोकस बदलला तर ती जुळणी रद्द समजावी लागते. म्हणून अशा कामाला झूमपेक्षा एकाच नाभीय अंतराची जुनी, हाताने फोकस होणारी लेन्स अधिक विश्वासार्ह ठरते.

खर्चाचा हिशेब

दुरुस्तीच्या बिलात तपासणी शुल्क, सुटे भाग, मजुरी आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असे घटक असतात. रत्नागिरीकराच्या बाबतीत त्यात जाण्या-येण्याचा कुरिअर आणि विम्याचा खर्चही धरावा लागतो. उदाहरणादाखल, एखाद्या लेन्सची जुन्या बाजारातील किंमत १२ हजार रुपये आहे आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक साडेपाच हजारांचे आले, असे समजू. करासह ते ६ हजार ४९० रुपये होते. कुरिअर व विम्याचे हजार रुपये धरल्यास एकूण ७ हजार ४९० रुपये, म्हणजे लेन्सच्या किमतीच्या सुमारे ६२ टक्के. एवढ्या खर्चात तीच लेन्स चांगल्या स्थितीत दुसरीकडे मिळते का, हे आधी पाहावे. खर्च किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर सहसा विचार करावा लागत नाही, निम्म्याच्या वर गेला तर थांबून विचार करावा, असा ढोबळ ठोकताळा ठेवता येईल.

मोठ्या टेलिफोटो, मॅक्रो आणि उघड्या अ‍ॅपर्चरच्या पोर्ट्रेट लेन्सवरील खर्च बहुधा वसूल होतो, कारण त्यांच्या नव्या आवृत्त्या कितीतरी महाग असतात. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ सारख्या लेन्सवर मात्र तपासणी शुल्कही जड होते. सिनेमाच्या लेन्सचे गणित निराळेच. पीएल माउंटमध्ये बैठकीपासूनचे अंतर ५२ मिलिमीटर असून ते अतिशय पातळ चकत्या घालून काटेकोरपणे राखावे लागते. फोकस खेचणारा साहाय्यक लेन्सवर कोरलेल्या आकड्यांवर विसंबून असतो, म्हणून तेथे नियमित कॅलिब्रेशन हा व्यवसायाचा भागच असतो.

सर्वांत मोठी मर्यादा सुट्या भागांची. उत्पादन थांबल्यानंतर कंपन्या ठरावीक वर्षेच भाग राखून ठेवतात. तो काळ उलटला की अधिकृत केंद्र लेन्स स्वीकारतही नाही. एखाद्या लेन्सचे उत्पादन बंद झाल्याचे कळल्यास आणि तिच्यावर रोजचे काम अवलंबून असल्यास दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

पाठवण्यापूर्वी

लेन्स पाठवताना अनुक्रमांक, बाहेरील ओरखडे आणि आतील धूळ यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. चाचणीची दोन-तीन छायाचित्रे सोबत जोडल्यास तंत्रज्ञाचे काम सोपे होते. एकट्या लेन्सची जुळणी प्रमाणित मापावर होते, पण चूक कॅमेऱ्यातही असू शकते. दोघांचा मेळ हवा असल्यास कॅमेराही सोबत पाठवावा. लेखी अंदाजपत्रक मंजूर केल्याशिवाय काम सुरू करू नये, असे स्पष्ट कळवावे. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि केलेल्या कामाच्या हमीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. परदेशी पाठवायची वेळ आल्यास निर्यातीच्या कागदांवर अनुक्रमांक व ‘दुरुस्तीसाठी’ असा उल्लेख असणे अत्यावश्यक आहे, अन्यथा परत येताना तिच्यावर नव्या आयातीप्रमाणे सीमाशुल्क लागू शकते.

काम सदोष झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र त्यासाठी पक्के बिल हाती असावे लागते. कर वाचवण्यासाठी बिलाविना केलेली दुरुस्ती येथे महागात पडते.

वेळ निवडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोकणातील लग्नांचा हंगाम मे अखेरीस ओसरतो आणि गणेशोत्सवापर्यंत व्यवसायाला काहीशी उसंत मिळते. घरच्या घरी चाचणी एप्रिल-मेच्या स्वच्छ उन्हात करून, पावसाची सर येण्याआधी लेन्स रवाना केली तर ती सर्वाधिक ओलसर महिने किनाऱ्यापासून दूर काढते आणि गणपतीच्या आगमनापूर्वी पुन्हा हाती येऊ शकते. परत आल्यावर मात्र पहिली छायाचित्रे घरातल्या भिंतीची आणि मोजपट्टीचीच घ्यावीत. हमीची मुदत सुरू असतानाच चूक सापडली, तर ती विनामूल्य सुधारून घेता येते.